प्यायलेल्या साक्षीदाराचा जबाब: घ्यायचा कसा, तपासायचा कसा, कोर्टात मांडायचा कसा

सातारा-सांगली भागातल्या मारामाऱ्या आणि खून कुठं घडतात ते बघा. हायवेच्या सर्व्हिस रोडवरचा धाबा, जत्रेची रात्र, ऊसतोड टोळीच्या कोप्या, हळदीचा कार्यक्रम, निकालाची मिरवणूक. अशा ठिकाणी ज्यानं प्रत्यक्ष बघितलं त्याच्या पोटात बऱ्याचदा दारू असते. तपासी अंमलदार त्याला 'उद्या शुद्धीवर आल्यावर ये' म्हणून घरी धाडतो. बचावाचा वकील 'साक्षीदार नशेत होता' एवढ्या एका ओळीवर विसंबतो. सरकारी वकील दारूचा विषयच निघू नये म्हणून गप्प बसतो. तिघांच्या हातून चांगला पुरावा वाया जातो, आणि कधी कधी निर्दोष माणूस आत जातो. 'प्यायला होता' एवढ्यानं काहीच ठरत नाही. किती प्यायला होता, कधी प्यायला होता, नेमकं काय बघितलं म्हणतो आणि ते पहिल्यांदा कधी कागदावर आलं, या चार गोष्टींवर सगळं ठरतं.

खाली दिलेली कलमं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांतली आहेत. त्याआधीपासून चालू असलेल्या खटल्यांत जुनीच कलमं चालतात, तेव्हा आपल्या केसची तारीख आधी बघा.

कायदा काय म्हणतो

भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १२४, म्हणजे जुनं ११८. विचारलेला प्रश्न समजतो आणि त्याला सुसंगत उत्तर देता येतं तो प्रत्येक माणूस साक्षीदार होऊ शकतो. ही पात्रता बघायची ती साक्षीच्या दिवशी, पिंजऱ्यात उभा असताना. घटनेच्या रात्री तो प्यायलेला होता म्हणून साक्ष देण्यालाच अपात्र ठरत नाही. त्या रात्रीच्या दारूचा संबंध साक्षीच्या वजनाशी आहे. बचावाचे कितीतरी युक्तिवाद या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे पहिल्याच मिनिटाला पडतात.

वजन कसं करायचं ते सर्वोच्च न्यायालयानं १९५७ साली वडिवेलु थेवर खटल्यात सांगून ठेवलंय. साक्षीदार तीन जातीचे: पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वसनीय, आणि धड इकडचा ना तिकडचा. पहिल्या जातीचा एकटा साक्षीदारही पुरतो. तिसऱ्या जातीच्या साक्षीला महत्त्वाच्या मुद्द्यांवर दुसऱ्या पुराव्याची जोड लागते. प्यायलेला साक्षीदार बहुधा या तिसऱ्या जातीत बसतो, म्हणून खरं काम जोड शोधण्याचं आहे. 'एक गोष्ट खोटी म्हणजे सगळंच खोटं' हा नियम आपल्याकडं चालत नाही. कोर्ट दाणे आणि फोलपट वेगळं करतं. ते करता यावं इतका मजकूर तुम्ही कागदावर आणला पाहिजे.

दारूनं आठवणीचं काय होतं

दारू मुख्यतः आठवण साठवण्याच्या कामात अडथळा आणते. जे डोक्यात साठलं ते नंतर बऱ्यापैकी सांगता येतं. जे साठलंच नाही ते शुद्धीवर आल्यानंही परत येत नाही, कितीही खोदून विचारलं तरी. खोदून विचारल्यावर जे बाहेर येतं ते बऱ्याचदा गावात ऐकलेलं असतं.

१९९० साली कॅनडात युइल आणि टोलस्ट्रप यांनी केलेला प्रयोग या विषयात वारंवार सांगितला जातो. प्यायलेल्या लोकांनी न प्यायलेल्यांपेक्षा कमी तपशील सांगितला, त्याच दिवशीही आणि आठवड्यानंतरही. पण ज्यांना घटनेनंतर लगेच विचारलं होतं त्यांची आठवड्यानंतरची आठवण जास्त भरलेली निघाली. नंतरच्या संशोधनाचा कलही त्याच बाजूचा आहे: दारूमुळं तपशील गळतात, पण जे सांगितलं जातं ते त्या प्रमाणात खोटं होत जात नाही. तुरळक सांगणारा प्यायलेला साक्षीदार म्हणूनच टाकाऊ नाही. भरभरून सांगणाऱ्याची जास्त कसून तपासणी करायची.

दुसरी गोष्ट लक्ष आखडण्याची. प्यायलेल्याचं लक्ष काळोख्या रानातल्या बॅटरीच्या झोतासारखं चालतं: समोर जे ठळक आहे तेवढं दिसतं, कडेचं सुटतं. कोण कोणाच्या अंगावर गेला हे तो सांगेल. शर्टाचा रंग, आजूबाजूला उभे असलेले लोक, वारांची संख्या, अंतर आणि वेळ यांत चुकेल. घटनांचा क्रम तर हमखास उलटसुलट होतो.

तिसरी गोष्ट, आठवणीतलं कोरं पान. उपाशीपोटी, भरभर प्यायल्यावर रक्तातली दारू झपाट्यानं चढली तर मेंदू नवी आठवण साठवणंच थांबवतो. माणूस चालतो, बोलतो, बिल देतो, आणि सकाळी त्यातलं काहीच आठवत नाही. काहींना तुकड्यातुकड्यानं आठवतं. म्हणून धाब्यावरचा वेटर 'तो व्यवस्थित बोलत होता' म्हणाला तरी आठवण शाबूत होती असं सिद्ध होत नाही. उलट, कधीतरी पिणारा दोन पेगात झोकांड्या खात असला तरी त्याला सगळं लख्ख आठवू शकतं. रोज पिणाऱ्याचे पाय सरळ पडतात ते सवयीमुळं, आठवणीला मात्र त्या सवयीचा तेवढा आधार मिळत नाही.

आपल्या भागासाठी यातून निघणारा सगळ्यात उपयोगी निष्कर्ष असा. गावातल्या भांडणात आरोपी बहुतेक वेळा ओळखीचा, भावकीतलाच असतो. लहानपणापासून बघितलेला माणूस ओळखायला प्यायलेल्या साक्षीदाराला फारशी अडचण येत नाही. 'कोण होता' यावर त्याचा भरवसा धरता येतो. 'कोणी कुठला वार केला' यावर एकट्या त्याच्या भरवशावर जाऊ नये. सामाईक इरादा लावून सात जणांना आरोपी केलेल्या केसमध्ये हा फरक फार मोलाचा आहे. हाणणारा आणि नुसता तिथं उभा असलेला, दोघांची नावं त्याच्या तोंडून एकाच दमात येतात.

पहिल्या काही तासांत करायचं काम

हे तपासी अंमलदारासाठी. जबाब दोन टप्प्यांत घ्या. पहिला लगेच, छोटा, त्याच्याच शब्दांत. दुसरा झोप झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, सविस्तर, पुरवणी म्हणून. 'दोन जबाबांत फरक पडेल आणि उलटतपासात अडकेल' ही भीती असते. फरक पडेलच. पण फक्त दुसऱ्या दिवसाचा जबाब असेल तर मधल्या दहा तासांत त्याला कोणी काय सांगितलं याचं उत्तर तुमच्याकडं नसतं. शिवाय जबाबाला झालेला उशीर समजावून सांगता आला नाही की काय होतं ते गणेश भवन पटेल खटल्याच्या १९७८ च्या निकालात वाचा.

पहिल्या जबाबाआधी त्याची अवस्था लिहा. 'दारूच्या अमलाखाली' असा शेरा मारू नका, जे दिसतं ते लिहा. उदाहरणार्थ:

'जबाब सुरू ०१.१५ वाजता. तोंडाला दारूचा वास. डोळे लाल. स्वतः चालत आला, पायरी चढताना भिंत धरली. नाव, गाव, मुलांची नावं, आजचा वार विचारला. वार चुकला, बाकी बरोबर. प्रश्न ऐकून उत्तर देतो, मध्ये थांबतो, पुन्हा विचारल्यावर तेच सांगतो.'

या पाच-सहा ओळींचं मोल कोर्टात फार आहे, कारण त्या तिथल्या तिथं लिहिल्या गेल्यात. स्टेशन डायरीत वेळेसकट नोंद घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० प्रमाणे जबाबाचं ध्वनिचित्रमुद्रण करता येतं. अशा साक्षीदाराच्या बाबतीत ते कराच. प्यायलेला माणूस कसा बोलत होता हे दोन वर्षांनी कुणाच्या शब्दांवर ठरण्यापेक्षा पडद्यावर दिसलेलं बरं.

आता भाषा. ही चूक सगळीकडं होते. साक्षीदार सांगतो:

'मोरीपाशी हात धूत होतो साहेब. वरडा झाला म्हणून वळलो तर दाद्या त्याच्या उरावर बसलेला. हातात चमकत होतं, कोयता का सुरी ते नाही सांगता यायचं. दोनदा हाणल्यालं बघितलं, मग मी पळालो.'

आणि कागदावर उतरतं: 'सदर वेळी आरोपी याने त्याचे हातातील लोखंडी कोयत्याने जखमीचे डोक्यावर, उजवे खांद्यावर व पाठीवर एकूण तीन वार केल्याचे मी समक्ष पाहिले आहे.' दोनाचे तीन झाले, चमकणाऱ्या वस्तूचा कोयता झाला, आणि पळून जाणं गायब झालं. साक्षीदार कोर्टात पुन्हा खरं तेच सांगणार, आणि ते त्याच्याच जबाबाशी विसंगत ठरणार. दारूनं जेवढे साक्षीदार बिघडतात तेवढेच या लिखाणानं बिघडतात. 'नाही सांगता यायचं' हे शब्द जसेच्या तसे लिहा. ज्याला काय दिसलं नाही हे सांगता येतं त्याच्या दिसलेल्या गोष्टीवर कोर्टाचा विश्वास बसतो.

प्रश्न मोकळे ठेवा. 'अण्णा, काय झालं ते पहिल्यापासून सांगा' म्हणून गप्प बसा. मध्ये नाव पुरवू नका. 'दादानं कोयता मारला ना?' असं विचारलंत तर हो म्हणण्याकडं त्याचा कल असतो, प्यायलेल्याचा तर जास्तच. सांगून झाल्यावरच तपशिलाचे प्रश्न विचारा, आणि प्रत्येक तपशिलामागं 'स्वतः बघितलं की कोणी सांगितलं?' हे विचारून उत्तर लिहा. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय फिरत होतं, त्यानं फोटो बघितला का, हेही विचारा. तासाभरात संशयिताचा फोटो गावभर झालेला असतो.

मग दारूचा हिशेब: कुठं बसला, किती वाजता, काय प्यायला, बाटली कुठून आणली, किती जणांत, पाणी किती घातलं, जेवण आधी की नंतर, शेवटचा ग्लास कधी. इथं तो खोटं बोलेल. विनापरवाना दारू पिणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे हे त्याला कुठंतरी ऐकून माहीत असतं, आणि घरी माळकरी बाप असतो. धाबेवालाही नाही म्हणणार, कारण परवान्याशिवाय दारू प्यायला जागा दिली तर कलम ६८ त्याच्यावर येतं. म्हणून तोंडी उत्तरावर थांबू नका. वाईन शॉपला केलेल्या यूपीआय पेमेंटची वेळ मिनिटापर्यंत मिळते. धाब्याच्या बिलाची मिळते. सीसीटीव्हीचा डीव्हीआर काही दिवसांतच जुन्यावर नवं लिहितो, तेव्हा पहिल्याच दिवशी पंचनाम्यानं ताब्यात घ्या, हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलचा डिजिटल ठसा, नोंदवा आणि साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र भाग अ आणि भाग ब दोन्हींसह घ्या.

घटनास्थळ पंचनामा दिवसा झाला असेल तर रात्री त्याच वेळेला पुन्हा जा. साक्षीदार उभा होता ती जागा आणि घटनेची जागा यांच्यात टेप धरा. दिवा कुठला होता, विजेच्या खांबाचा क्रमांक काय, त्या रात्री वीज होती का, मध्ये ट्रॉली किंवा कडब्याची गंजी होती का, हे लिहा. मंद उजेडात प्यायलेल्याची नजर आधीच कमी पडते. अंधार आणि दारू दोन्ही असतील तर अनोळखी चेहऱ्याबद्दलच्या त्याच्या सांगण्यावर एकट्यावर उभं राहू नका.

एक धोका कुणाच्या ध्यानात येत नाही. रोज पिणाऱ्या साक्षीदाराला तुम्ही दोन दिवस चौकीत येरझाऱ्या घालायला लावल्या तर त्याची दारू तुटते. सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम येतो. काहींना दोन ते चार दिवसांनी भास होऊ लागतात, तो काळवेळ विसरतो. त्या अवस्थेत घेतलेला 'शुद्धीवरचा' जबाब प्यायलेल्या जबाबापेक्षा वाईट असतो, आणि ही अवस्था जिवावरही बेतू शकते. थरथर दिसली की आधी दवाखाना, नंतर जबाब.

गुन्हा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब नोंदवून घ्या. मात्र पहिला जबाब बाजूला पडला असं समजू नका.

किती प्यायला होता, याचा हिशेब

साक्षीदाराचं रक्त घ्यायला त्याची संमती लागते. दारूबंदी कायद्याचं कलम १२९अ त्या कायद्याखालच्या गुन्ह्याच्या तपासासाठी आहे, आणि अटक आरोपीची तपासणी वेगळ्या कलमानं होते. बहुतेक केसमध्ये म्हणून रक्ताचा अहवाल नसतोच. साक्षीदार स्वतः जखमी असेल तर मात्र सिव्हिलचे कागद असतात.

आकडा नसेल तर अंदाज असा बांधा. समजा कराडजवळच्या धाब्यावर साठ किलो वजनाचा माणूस साडेआठ ते दहा या वेळात १८० मिलीची व्हिस्कीची क्वार्टर संपवतो. साडेदहाला मारामारी होते. विदेशी मद्याच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे १८० मिलीत सुमारे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनानं सुमारे ६१ ग्रॅम. पुरुषाच्या बाबतीत वजनाला ०.६८ नं गुणायचं, साठ किलोचे सुमारे ४१ येतात. ६१ भागिले ४१, म्हणजे किलोमागं दीड ग्रॅमच्या आसपास, अर्थात १०० मिली रक्तात सुमारे १५० मिलिग्रॅम. शरीर तासाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम जाळतं. साडेआठपासून साडेदहापर्यंत दोन तास धरले तर घटनेच्या वेळी ११० ते १३०. पोट भरलेलं असेल तर त्याहून कमी. बाईच्या बाबतीत ०.६८ ऐवजी साधारण ०.५५ धरतात, म्हणून तेवढ्याच दारूत आकडा वर जातो. आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर असेल तर ६५० मिलीच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे याच माणसाला सुमारे १००. हातभट्टीचा हिशेब मात्र कुणी मांडू नये, तिची तीव्रता दर डब्याला वेगळी असते.

हा हिशेब वकिलानं तोंडी सांगायचा नाही. डॉक्टर किंवा रासायनिक विश्लेषक यांच्याकडून, साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खालचा तज्ज्ञ म्हणून, काढून घ्यायचा. आणि नेहमी 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असाच. शेवटचा ग्लास घटनेच्या जेमतेम दहा मिनिटं आधी संपला असेल तर दारू अजून चढत असते. तेव्हा मागं मोजत जाण्याचं गणित लागू पडत नाही.

आणखी एक गल्लत. मोटार वाहन कायद्यातली ३० मिलिग्रॅमची मर्यादा आणि दारूबंदी कायद्याच्या कलम ६६(२) मधली ०.०५ टक्के, म्हणजे ५० मिलिग्रॅम, ही मर्यादा गाडी चालवण्याशी आणि त्या गुन्ह्याशी निगडित आहे. 'साक्षीदार कायदेशीर मर्यादेच्या वर होता, म्हणून त्याला आठवणार नाही' या वाक्याला काही आधार नाही.

दवाखान्याचे कागद कसे वाचायचे

केसपेपरवर 'दारूचा वास' एवढंच लिहिलेलं असेल तर त्यावरून नशा सिद्ध होत नाही. बच्चूभाई करयानी खटल्यात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट म्हटलंय की वास, डगमगती चाल, बाहुल्या मोठ्या असणं, अडखळतं बोलणं एवढ्यावरून, रक्त-लघवीच्या तपासणीशिवाय, माणूस नशेत होता असा निष्कर्ष काढता येत नाही. तो निकाल आरोपीच्या बाबतीतला आहे, पण साक्षीदारावर नशेचा शिक्का मारायलाही तेवढाच पुरावा लागेल असा युक्तिवाद सरकार पक्षाला करता येतो. बचावानं उत्तर द्यायचं ते असं: आम्हाला गुन्हा सिद्ध करायचा नाही, शंका दाखवायची आहे.

रक्ताचा अहवाल असेल तर चार गोष्टी बघा. दारूबंदी कायद्याखालच्या रक्ततपासणीच्या १९५९ च्या नियमांप्रमाणे रक्त काढताना अल्कोहोलचा कुठंही स्पर्श नको. कातडी निर्जंतुक पाण्यानं पुसायची असते, आणि सवयीनं स्पिरिटचा बोळा फिरवलेला असतो. रक्त ५ सीसीपेक्षा कमी नको. बाटलीत गोठणरोधक आणि संरक्षक हवं, ती जोरात हलवलेली, लेबल लावलेली आणि डॉक्टरच्या मोहरेनं लाखबंद हवी. नमुना सात दिवसांच्या आत तपासणी अधिकाऱ्याकडं पोहोचायला हवा. खासगी दवाखान्याचा अहवाल असेल तर आकडा अख्ख्या रक्ताचा आहे की सिरमचा, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पातळ द्रवाचा, ते विचारा. सिरमचा आकडा साधारण बारा ते अठरा टक्क्यांनी जास्त येतो.

ओळखपरेड

आरोपी ओळखीचा असेल तर परेडची गरज नाही. अनोळखी असेल तर प्यायलेल्या साक्षीदाराच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक इथं होते. एकटा संशयित चौकीत बाकड्यावर बसवायचा आणि 'हाच का तो?' विचारायचं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असं एकट्यालाच दाखवल्यावर, खरा माणूस तो नसताना, जास्त प्यायलेल्यांनी चुकून होकार देण्याचं प्रमाण जास्त दिसलं. एकदा होकार दिला की पुढची परेड ही त्या होकाराचीच उजळणी ठरते.

परेड नायब तहसीलदारांकडून, दोन पंचांसमोर, एका संशयितामागं निदान सहा सारख्या अंगकाठीच्या माणसांत घ्या. साक्षीदाराला आधी सांगा: 'तो माणूस यात असेलच असं नाही. नसेल तर नाही म्हणा.' त्या दिवशी तो प्यायलेला नाही याचीही नोंद घ्या. परेडचा पुरावा दुजोऱ्याचा असतो, मुख्य ओळख कोर्टातच होते.

सरकारी वकिलाचं काम

दारूचा विषय तुम्हीच सरतपासात, म्हणजे आपल्या साक्षीदाराला पहिल्यांदा प्रश्न विचारताना, काढा. 'तुम्ही त्या रात्री काय घेतलं होतं?' 'एक क्वार्टर, साहेब.' विषय संपला. हेच उलटतपासात निघालं तर ते लपवलेलं खोटं ठरतं. दारूपेक्षा लपवाछपवीनं साक्षीदार जास्त पडतात. साक्षीदाराला भीती असेल तर साक्ष्य अधिनियमाचं कलम १३७ समजावून सांगा: उत्तरानं स्वतः अडकेन म्हणून उत्तर टाळता येत नाही, पण कोर्टानं भाग पाडून घेतलेलं उत्तर त्याच्याविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही, खोट्या साक्षीचा खटला सोडून. 'भाग पाडून' हा शब्द महत्त्वाचा. त्यानं आधी हरकत नोंदवली पाहिजे.

साक्षीदारांचा क्रमही ठरवा. न प्यायलेला कोणी असेल, भाकऱ्या थापणारी बाई, शेजारचा पंक्चरवाला, तर त्याला आधी उभं करा. त्यानं फक्त वेळ, आवाज आणि कोण पळालं एवढं सांगितलं तरी चालेल. मग प्यायलेला साक्षीदार, मग डॉक्टर. 'दोनदा हाणलं' आणि शवविच्छेदनातल्या दोन जखमा एकमेकींना लागून वाचल्या गेल्या पाहिजेत.

बचावाच्या वकिलाचं काम

पहिलाच प्रश्न 'तुम्ही दारू प्यायला होता का?' असा विचारू नका. तो नाही म्हणेल आणि तुमचे रस्ते बंद होतील. आधी निरुपद्रवी गोष्टी पक्क्या करा. धाब्यावर किती वाजता पोहोचलात. किती जण होतात. बिल कोणी दिलं. जेवण किती वाजता आलं. साडेआठ ते दहा दीड तास बसलात आणि जेवण दहाला आलं, बरोबर? मग पेमेंटची नोंद दाखवा, मग दवाखान्याचा कागद. शेवटी दारू. तोपर्यंत नाही म्हणायला जागा उरत नाही.

त्यानंतर त्याच्या सांगण्यातले दोन थर वेगळे करा: पहिल्या जबाबात काय होतं आणि नंतर काय वाढलं. कोयता, तिसरा वार, चौथा आरोपी हे पुरवणी जबाबात आले असतील तर मधल्या काळात तो कोणाकोणाला भेटला ते विचारा. साक्ष्य अधिनियमाच्या कलम १४८ प्रमाणे जबाबातला नेमका भाग त्याला दाखवा, त्यावर खूण करून घ्या, आणि नंतर तपासी अंमलदाराच्या उलटतपासात तोच भाग सिद्ध करा. हे दुसरं पाऊल विसरलं की सगळी मेहनत पाण्यात, कारण सिद्ध न केलेली विसंगती निकालात धरली जात नाही. जबाबात जे नाहीच आणि कोर्टात पहिल्यांदा आलं त्याचीही रीत हीच.

सगळ्याच गोष्टींवर हल्ला करू नका. आरोपी सख्खा चुलतभाऊ असताना 'तुम्ही त्याला ओळखलं नाही' असं सुचवलंत तर कोर्ट तुमचं बाकीचंही ऐकायचं थांबतं. वार कोणी केला, किती केले, हत्यार कोणाच्या हातात होतं, इथं शंका खरी असते. आणि साक्षीदाराला नशेत ठरवताना आपला आरोपी त्याच टेबलावर बसला होता हे विसरू नका. स्वतःहून प्यायलेल्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २३ चा आसरा मिळत नाही.

साक्षीच्या दिवशी

समन्सच्या दिवशी साक्षीदार सकाळीच एक मारून येतो, हे विट्याला, वडूजला, तासगावला कुठल्याही कोर्टाच्या आवारात बघायला मिळतं. भीतीनं घेतलेली असते. अशा वेळी त्याला पिंजऱ्यात ढकलू नका. कलम १२४ ची अट त्याच क्षणी लागू असते. सरकारी वकिलानं स्वतः कोर्टाला सांगून तारीख किंवा दुपारनंतरची वेळ मागावी. साक्ष तशीच सुरू झाली तर बचावानं त्याची अवस्था रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) आणि साक्षीच्या कागदावर नोंदवायची विनंती करावी: वास, अडखळणं, प्रश्न पुन्हा विचारावा लागणं. न्यायाधीशांनी दोन-चार साधे प्रश्न विचारून त्याला समजतंय का ते लिहून घ्यावं. १८ ऑगस्ट २०२५ पासून साताऱ्या-सांगलीची अपिलं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडं जातात. तिथल्या न्यायमूर्तींसमोर हा माणूस उभा नसतो, फक्त त्याच्या साक्षीचा कागद असतो.

साक्षीदाराला आदल्या दिवशी सांगायच्या गोष्टी थोड्या आहेत. रात्री घेऊ नको, पण रोजची सवय असेल तर एकदम तोडूही नको, डॉक्टरला विचार. सकाळी खाऊन ये. जबाब वाचून दाखवला तर पाठ करू नको. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हण. 'बघितलं' आणि 'ऐकलं' वेगळं सांग. आणि किती प्यायला होतास ते विचारलं की खरा आकडा सांग.